लडाखच्या पठारावरचे पक्षी: तुमचे अनुभव लिहा

उजनीकाठ
काल कुंभारगावला नावेतून चक्रवाकांची जोडी दिसली आणि लडाखचा त्सो कार तलाव आठवला. जून महिना, साडेचार हजार मीटर उंची, काठाला मिठाचा पांढरा थर. तिथेही हीच चक्रवाकं, पण मागे काळीपांढरी नऊ पिल्लं! आपण यांना पाहुणे म्हणतो, माहेर तिकडे आहे. अर्धा तास हलले नाही मी. तुम्ही काय काय पाहिलंत?

सुगरण
पांगाँगला कुरव दिसले. नवऱ्याला म्हटलं, हे तर अलिबागचे! पण डोकी चॉकलेटी. हिवाळ्यात आपल्याकडे येतात तेव्हा डोळ्यामागे नुसता ठिपका असतो ना, म्हणून ओळखायला वेळ लागला. कुकर झाला, बाकीचं नंतर.

भटका६२
हानले. काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी, मधे तांबूस पिल्लू. तिकडे त्यांना ‘ठुंग ठुंग’ म्हणतात. तेवढ्यात दोन भटकी कुत्री दबकत निघाली. ड्रायव्हरदादांनी हॉर्न वाजवत गाडी आडवी घातली तेव्हा पळाली. दोनच अंडी घालतो हा पक्षी, त्यातलं एक पिल्लू जगलं तरी पुष्कळ. कृपा करून तिकडे उरलंसुरलं खाणं टाकू नका, त्यावरच ही कुत्री वाढतात.

सुगरण
बापरे. दादांना माझा नमस्कार सांगा.

निशिगंध
त्सो मोरिरीला मी डोकं धरून पडले होते आणि पट्टेरी राजहंस पाण्यावर निवांत. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरतं. हिमालय ओलांडताना ७ हजार मीटरच्याही वर नोंदलेत. तेच जायकवाडीला दिसले तेव्हा डोळे भरून आले माझे.

माहुली
आम्ही सप्टेंबरमध्ये निघतोय, सोबत सासूबाई (६८). डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का?

निशिगंध
माहुली, गोळीचं डॉक्टरांनाच विचारा. लेहला दोन-तीन दिवस नुसता आराम करा, मी तोच केला नव्हता. गेस्टहाउसच्या पॉपलरवर मॅगपाय येतात, सासूबाईंना खिडकीतून दाखवा.

भटका६२
आणि क्रौंच दिसले तर लांब थांबा, गाडी गवतात घालू नका.

उजनीकाठ
सुगरणताई, कुकर उतरला असेल तर पांगाँगचं पुढचं लिहा.

सुगरण
पाहुणे आलेत ताई, रात्री लिहिते. फोटोही शोधते.