बी विंगचा ग्रुप: वसुलीवाला आणि २०३

सुजाता, बी-२०३ (रात्री ८.५५): वॉचमनने अनोळखी माणसाला माझा मजला, गाडीचा नंबर, वर "मॅडम सातनंतर भेटतात" हे सगळं कुणाला विचारून सांगितलं? तो आठ वाजता लिफ्टपाशी उभा राहून मोठ्याने म्हणत होता, क्रेडिट कार्डाचे १८,६४० थकलेत. सासूबाई दारात. ते कार्ड मी २०१९लाच बंद केलंय.

सेक्रेटरी: सुजाताताई, झालं ते वाईट झालं. वॉचमनशी बोलतो. कृपया ग्रुपवर शांतता राखावी 🙏

सुजाता: शांतच आहे मी.

नीलेश, बी-३०१: मलाही फोन आला होता मंगळवारी. "२०३च्या मॅडमना ओळखता का?" म्हटलं, पार्किंगमुळे चांगलाच ओळखतो 😄

सुजाता: तुमची गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत लागेल ना, त्या दिवशी विनोद करा.

खजिनदार (९.१५): *स्मरणपत्र.* मेंटेनन्स थकबाकीदारांनी १० तारखेपर्यंत भरणा करावा.

वर्षा, बी-१०२: अहो, वेळकाळ बघा की जरा.

खजिनदार: रोज सव्वानऊलाच टाकतो. कोणाला उद्देशून नाही.

जोशी काका, बी-४०१: सुजाता, आधी एक ऐक. फोनवर "हो, माझंच आहे", "बघते, भरते" असलं काही बोलू नकोस. बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र दाखव म्हणायचं. खात्याचा उतारा लेखी मागायचा: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, कधीपासून. दावा त्याचा, कागद त्याने आणायचा.

सुजाता: काका, तो म्हणतो आज फक्त ५०० भरा, फाइल थांबवतो.

जोशी काका: अजिबात नाही. अशा थकबाकीसाठी कोर्टात जायची मुदत ३ वर्षांची. ती चालू असताना सहीनिशी कबुली दिलीस, किंवा थोडे भरून तशी लेखी नोंद केलीस, की ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

सुजाता: बाबांनी भरले. यूपीआयने. मी वॉचमनला गाठायला खाली गेले होते तेवढ्यात. घाबरले ते, पोलीस येतील म्हणाला तो.

जोशी काका: कार्डाच्या थकबाकीसाठी पोलीस उचलून नेत नाहीत. पैसे कोणाच्या नावावर गेले? बँकेच्या?

सुजाता: नाही. कुणा माणसाच्या.

जोशी काका: मग तो एजंट की भामटा, इथूनच सुरुवात. उद्या बँकेला विचार, नंबर बँकेच्या वेबसाइटवरून घे, त्याने दिलेला नको. पण भामटा असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला आत्ताच कळवा.

प्रसाद, बी-५०२: ताई, उलट तुम्हालाच पैसे मिळतील!! कार्ड बंद करायला ७ दिवसांच्या वर लागले तर बँकेला दिवसाला ५०० दंड. २०१९पासून मोजा 🤑

नीलेश: लाखांत जातंय. टेरेसवर पार्टी.

जोशी काका: प्रसाद, तो नियम २०२२चा. ७ दिवस कामाचे, तेही कार्डावर बाकी नसेल तरच. अर्धवट फॉरवर्ड टाकत जाऊ नकोस.

प्रसाद: मदत करायला गेलो तर हे. असो.

वर्षा: पण काका, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन, चालतं का असं?

जोशी काका: नाही चालत. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२चं परिपत्रक आहे. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर वसुलीचे फोन नाहीत. चारचौघांत मानहानी नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास नाही. नीलेश, तुझा फोन किती वाजता आला?

नीलेश: ७.४८.

जोशी काका: स्क्रीनशॉट सुजाताला पाठव. आणि सुजाता, परत सांगतो, सगळं लेखी. दावा त्याचा, कागद त्याचा.

सावंत, बी-३०३: वा काका. मग खजिनदारसाहेब, माझ्या नावावर गळतीचे ४,२०० लावलेत, त्याचा कागद?

खजिनदार: मीटिंगमध्ये ठरलंय.

सावंत: इतिवृत्त दाखवा.

सुजाता: तुमची गळती माझ्याच बेडरूममध्ये होते सावंत, तो विषय आज नको. छताला अजून नकाशा आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयांतर टाळावे.

(दुसरा दिवस)

सुजाता (सकाळी ११.२०): बँकेत लागला फोन. त्यांची वसुली एजन्सी खरी निघाली. तो ५०० घेणारा त्यांचा माणूस आहे का, हे मात्र "तपासून सांगतो". माझ्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा क्रेडिट रिपोर्टही काढला. कार्ड बंद झाल्यावर वार्षिक फी लावलीय, जीएसटी धरून ५८९. त्या ५८९चे १८,६४० झालेत!

वर्षा: अगं बाई.

सुजाता: आणि जुना मेल सापडला. "आपली विनंती पूर्ण झाली, देय रक्कम शून्य." तारीख, विनंती क्रमांक, सगळं आहे. बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे चहा प्यायले.

जोशी काका: छान. तो मेल जोडून बँकेला तक्रार कर आणि रिपोर्टमधली नोंद दुरुस्त करायला तो रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडेही. असे ब्युरो ४ आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही बघ. ५००चा उल्लेख कर, देणं मान्य नाही असं स्पष्ट लिही. बँक ३० दिवसांत बोलली नाही की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्याला फी नाही.

प्रसाद: काका, ब्युरोने ३० दिवसांत दुरुस्ती केली नाही तर दिवसाला १०० मिळतात, हे तरी खरं ना? की हेही अर्धवट?

जोशी काका: हे खरं आहे.

प्रसाद: 🙏 स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

खजिनदार (रात्री ९.१५): *स्मरणपत्र.* मेंटेनन्स थकबाकीदारांनी १० तारखेपर्यंत

सावंत: कागद?

खजिनदार: अहो, मेसेज पूर्ण तरी होऊ द्या.

सुजाता: नीलेश, स्क्रीनशॉट अजून आला नाही.

नीलेश: पाठवतो. आणि आज गाडी पट्ट्याच्या आत आहे, त्याचाही फोटो टाकू?

सुजाता: टाका. मागचं चाक दिसेल असा.