'फेबल्स' पुन्हा वाचतेय, जोडपुस्तकं कुठे घालू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बिल विलिंगहॅमची 'फेबल्स' ही कॉमिक्स मालिका मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली आहे. लहानपणी आजीकडून ऐकलेली हिमगौरी इथे न्यूयॉर्कमध्ये, परागंदा झालेल्या परीकथेतल्या लोकांच्या वस्तीचा कारभार सांभाळते आणि तिथला शेरीफ असतो चक्क तो दुष्ट लांडगा! पहिल्या वेळी मी गोष्टीच्या ओढीने नुसती पानं उलटली. आता मार्क बकिंगहॅमची चित्रं, पानांच्या कडेची नक्षीसुद्धा थांबून बघतेय. जेम्स जीनच्या मुखपृष्ठांवर तर तासन्‌तास जातात.

अडचण क्रमाची आहे. मूळ मालिका 2002 ते 2015 अशी 150 अंकांची. '1001 नाइट्स ऑफ स्नोफॉल' हे जोडपुस्तक आलं 2006 मध्ये, पण त्यातला काळ खूप आधीचा. हिमगौरी सुलतानाच्या दरबारात अडकते आणि जीव वाचवायला रोज रात्री गोष्ट सांगते. ते सुरुवातीलाच वाचलं तर पुढची गंमत जाईल का? मला ते लांडग्याची ओळख नीट झाल्यावरच वाचावंसं वाटतं.

दुसरं, 'जॅक ऑफ फेबल्स' या जोडमालिकेचे 50 अंक वाचलेले नाहीत. 'फेबल्स'च्या 83 ते 85 या अंकांत दोन्ही मालिका एकत्र येतात, तर त्याआधी जॅकचं किती वाचायला हवं?

आणि 75व्या अंकाला युद्ध संपतं, तिथे मागच्या वेळी मी थांबले होते. पुढचं ज्यांनी दोनदा वाचलंय त्यांनी जरूर सांगा, पण शेवट फोडू नका, प्लीज.