शब्दचर्चा : ‘ॲडल्ट कन्टेम्पररी’ यादीतलं ‘वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं’ मराठीत कसं लिहावं?

तबकडी
अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘ॲडल्ट कन्टेम्पररी’ यादीत १९९६ साली कोणती गाणी पहिल्या क्रमांकावर होती, यावर मराठीत नोंद लिहायची आहे. पहिलं वाक्य सध्या असं आहे :

‘१९९६ मध्ये सेलीन डिऑनच्या “बिकॉज यू लव्हड मी” या गाण्याने प्रौढ समकालीन संगीत तक्त्यावर १९ आठवडे प्रथम क्रमांक पटकावून वर्षातील सर्वांत लोकप्रिय गाणे होण्याचा मान मिळवला.’

वाक्य अडखळतंय. ‘प्रौढ’, ‘समकालीन’, ‘तक्ता’ आणि ‘पटकावणे’ या चारही शब्दांबद्दल शंका आहे. कुठला ठेवावा, कुठला काढावा?

मात्रावेलांटी
चारही काढावेत असं माझं मत. आधी ‘प्रौढ’.

मराठीत ‘प्रौढ’ला दोन वास चिकटलेले आहेत. एक ‘फक्त प्रौढांसाठी’चा, म्हणजे सिनेमाच्या ‘ए’ प्रमाणपत्राचा. दुसरा ‘प्रौढ शिक्षण’, ‘प्रौढ साक्षरता’चा. ‘प्रौढ संगीत’ वाचलं की पहिला अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो, आणि ही यादी तर त्याच्या अगदी उलट टोकाची आहे. घरात, दुकानात, दंतवैद्याच्या दवाखान्यात बिनधास्त लावून ठेवता येतील अशी ही गाणी.

‘समकालीन’ची अडचण वेगळी आहे. या शब्दाला मराठीत ‘कोणाचा?’ हा प्रश्न लागतो. नामदेव हे ज्ञानेश्वरांचे समकालीन. हे वाक्य पुरं होतं, कारण दोन टोकं आहेत. ‘समकालीन संगीत’ म्हटलं की दुसरं टोक लोंबकळतं. समीक्षेच्या लिखाणात ‘समकालीन कविता’ म्हणजे आजची कविता हा वापर रुळला आहे, हे मान्य. पण १९९६ च्या नोंदीत ‘समकालीन’ म्हणजे १९९६ चं की वाचकाच्या आजचं? इंग्रजीत हे दोन शब्द मिळून एक विशेषनाम झालंय, त्यातला एकेक सुटा करून उलथवायचं कारण नाही.

ध्वनिलहर
मात्रावेलांटी यांच्याशी सहमत. त्यात भर : ‘ॲडल्ट कन्टेम्पररी’ हा संगीतप्रकार नाही, रेडिओकेंद्राचा बाज आहे. हे एकदा पक्कं झालं की निम्मे घोळ मिटतात.

यादीचा जन्म पाहा. १७ जुलै १९६१ च्या अंकात ती पहिल्यांदा छापली गेली, २० जागांची, ‘इझी लिसनिंग’ या नावाने. रॉक अँड रोल नको असलेली केंद्रं आणि श्रोते बरेच होते, त्यांच्यासाठी. सुरुवातीची काही वर्षं ती वेगळी मोजलीच जात नव्हती : ‘हॉट १००’ या मुख्य यादीतून रॉकची गाणी वगळायची, उरलेली त्याच क्रमाने मांडायची. १९६५ पासून ती स्वतंत्रपणे होऊ लागली. मधल्या काळात ‘मिडल-रोड सिंगल्स’ आणि ‘पॉप-स्टँडर्ड सिंगल्स’ अशी नावंही येऊन गेली. ‘ॲडल्ट कन्टेम्पररी’ हे नाव एप्रिल १९७९ मध्ये आलं.

म्हणून १९६८ च्या नोंदीत ‘ॲडल्ट कन्टेम्पररी यादी’ लिहिणं काळाला सोडून होईल. तिथे ‘इझी लिसनिंग यादी (हीच पुढे ॲडल्ट कन्टेम्पररी झाली)’ असं लिहावं.

आणि यातला ‘ॲडल्ट’ म्हणजे जाहिरातदाराचा श्रोता. साधारण २५ ते ५४ वयाचा, त्यातही स्त्रिया जास्त. पोरंसोरं वगळून उरलेलं घर. मराठीत अर्थ सांगायचा तर ‘पंचविशी ते पन्नाशीचे श्रोते’ इतकं साधं लिहा.

शब्दवेल्हाळ
‘भावगीत’ हा प्रतिशब्द कसा वाटतो? मंद लय, स्पष्ट शब्द, रेडिओवर वाढलेलं गाणं. बरंच जुळतं.

ध्वनिलहर
कानाला जुळतं, पण प्रतिशब्द म्हणून चालणार नाही. भावगीत ही रचना आहे : कवितेला चाल लावून बहुधा एकट्याने गायलेली. एखादं गाणं भावगीत आहे की नाही हे ऐकून सांगता येतं. ‘ॲडल्ट कन्टेम्पररी’ आहे की नाही हे नुसतं ऐकून ठरत नाही, ते कुठल्या केंद्रावरून लागतं यावर ठरतं. एकच गाणं एकाच आठवड्यात ‘हॉट १००’ मध्ये, इथे आणि आणखी एखाद्या यादीत असू शकतं.

‘गाणं’ हा शब्दसुद्धा जपून वापरावा. १९६८ मध्ये ११ आठवडे पहिल्या जागेवर राहिलेलं पॉल मॉरियाचं ‘लव्ह इज ब्लू’ ही वाद्यवृंदाची धून आहे, त्यात गाणारं कोणी नाही. वर्षाचं कोष्टक करताना रकान्याला ‘गायक’ असं नाव दिलं की इथे गाडी अडते. ‘कलाकार’ लिहा, आणि दुसऱ्या रकान्याला ‘रचना’.

बोरूबहाद्दर
शीर्षकांचं भाषांतर करू नये, हेही यात यावं. पहिल्या यादीत सर्वांत वर ब्रूक बेंटनचं ‘द बोल वीव्हिल साँग’ होतं. मराठीत ‘बोंडअळीचं गाणं’ करण्याचा मोह होईल, विदर्भातल्या वाचकाला ते लगेच भिडेलही, पण चूक आहे. बोंडअळी ही पतंगाची अळी. गाण्यातला किडा भुंग्याच्या जातीचा, पुढे सोंड असलेला, आपल्याकडे तांदळात सोंडे होतात त्यांचा दूरचा भाऊबंद, अमेरिकेतल्या कापसावरचा. शीर्षक देवनागरीत जसंच्या तसं लिहावं, हवा तर अर्थ पुढे अर्ध्या ओळीत.

शब्दवेल्हाळ
पटलं, भावगीत मागे घेते. आता ‘चार्ट’.

‘तक्ता’ म्हणजे भिंतीवर टांगायचा : बाराखडीचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता. त्यात वर-खाली असतं, पण चढ-उतार नसतो. ‘आलेख’ म्हणजे रेषा काढलेला. ‘कोष्टक’ म्हणजे चौकटी. ‘यादी’ चालते, पण किराण्याच्या यादीत साखर पहिली लिहिली म्हणून ती मिठाहून मोठी ठरत नाही. यादीला क्रमाचं बंधन नाही.

‘क्रमवारी’ हा शब्द तयार आहे आणि क्रिकेटमुळे घरोघरी पोचलेला आहे. कसोटी क्रमवारी, फलंदाजांची क्रमवारी. त्यात वर सरकणं, घसरणं, पहिल्या दहांत येणं ही सगळी क्रियापदंही आयती मिळतात. पहिल्यांदा ‘साप्ताहिक क्रमवारी’ लिहावं, पुढे नुसतं ‘क्रमवारी’.

वळचण
क्रमांकासाठी ‘पायदान’चा विचार झालाय का? रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेमुळे तो शब्द महाराष्ट्रातल्या पिढ्यांच्या कानात आहे. १९५२ पासून अमीन सयानींच्या आवाजात ‘पायदान’ आणि ‘सरताज गीत’ ऐकलेल्यांना वेगळं समजावावं लागणार नाही.

मात्रावेलांटी
ओढ समजते, पण दोन कारणांनी नको. एक, मराठीत ‘पायदान’ म्हणजे टांग्याला, बसला असते ती पाय ठेवायची फळी. क्रमांक या अर्थाने तो हिंदीच राहिला, आपण तो अवतरणातच वापरतो. आपल्याकडे त्या जागी ‘पायरी’ आहे, पण तीही क्रमवारीसाठी रुळलेली नाही.

दुसरं कारण मोठं आहे. गीतमालेचा क्रम रेकॉर्डींचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवर लागायचा. ॲडल्ट कन्टेम्पररी क्रमवारी १९९६ साली फक्त केंद्रांवरच्या प्रसारणावर लागत होती. ना खप, ना पत्रं. ‘पायदान’ लिहिलं की वाचक नकळत गीतमालेचं मोजमाप सोबत आणणार.

ध्वनिलहर
हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तबकडी, तुमच्या वाक्यातली सर्वांत मोठी चूक ‘प्रौढ’ ही नाही, ‘सर्वांत लोकप्रिय’ ही आहे. ‘लोकप्रिय’ ठरवायला लोकांनी काहीतरी केलेलं असावं लागतं : विकत घेतलं, मागणी केली, मत दिलं. इथे गाणं निवडतो तो केंद्राचा कार्यक्रम ठरवणारा माणूस. ‘सर्वाधिक खपाचं’ तर अजिबातच नको. ‘या केंद्रांवर सर्वाधिक वेळा वाजलेलं’ हे खरं वर्णन.

मोजायची पद्धत बदलली की आकड्यांचा अर्थही बदलतो. १९९३ पर्यंत केंद्रं आपापली यादी कळवत. नव्या गाण्यांना जागा करायची म्हणून जुनं गाणं कळवलेल्या यादीत लवकर खाली जाई, प्रत्यक्षात ते वाजत असलं तरी. १९९३ मध्ये यंत्राने प्रसारण ऐकून प्रत्येक वाजणं टिपायची पद्धत या क्रमवारीला लागू झाली. त्यानंतर गाणी पहिल्या जागेवर महिनोन्‌महिने बसू लागली. ‘लव्ह इज ब्लू’चा ११ आठवड्यांचा उच्चांक २५ वर्षं टिकला होता. पुढचे आकडे बघा : १९९६ मध्ये ‘बिकॉज यू लव्हड मी’ १९ आठवडे, २००२ मध्ये सेलीन डिऑनचंच ‘अ न्यू डे हॅज कम’ २१, आणि २००३ मध्ये गाजलेलं अंकल क्रॅकरचं ‘ड्रिफ्ट अवे’ २८.

तुमच्या वर्षापुरतं बोलायचं तर डिऑनचे १९ आणि एरिक क्लॅप्टनच्या ‘चेंज द वर्ल्ड’चे १३ मिळून ३२ आठवडे. वर्षाच्या ५२ पैकी ३२ दोनच गाण्यांनी व्यापले. हे नोंदीत जरूर यावं, आणि कारणासकट यावं. नाहीतर वाचकाला वाटेल की त्या वर्षी चांगली गाणीच कमी निघाली.

बोरूबहाद्दर
‘वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं’ हा शब्दप्रयोगही फोडून घ्यावा लागेल. त्याचे तीन अर्थ होतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

एक : त्या वर्षातल्या कुठल्याही आठवड्यात पहिल्या जागेवर आलेली सगळी गाणी. इथे ‘वर्षभरात पहिल्या क्रमांकावर आलेली गाणी’ असं अनेकवचन हवंच.

दोन : त्यांपैकी सर्वांत जास्त आठवडे तिथे राहिलेलं.

तीन : ‘बिलबोर्ड’च्या वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिलं आलेलं. त्यासाठी ‘वार्षिक क्रमवारीत पहिलं’. ती क्रमवारी वर्षभराच्या कामगिरीची बेरीज असते, आणि तिचं वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर नसतं. अंक डिसेंबरात काढायचा म्हणून मोजणी साधारण डिसेंबर ते नोव्हेंबर अशी चालते.

तिसरा अर्थ पहिल्यात मिसळला की मोठी फसगत होते. ‘हॉट १००’ मध्ये १९६५ चं ‘वूली बुली’, २००० चं ‘ब्रीद’, २००१ चं ‘हँगिंग बाय अ मोमेंट’ आणि २०२१ चं ‘लेव्हिटेटिंग’ ही गाणी त्या त्या वर्षाच्या वार्षिक क्रमवारीत पहिली आहेत, पण एकाही आठवड्यात पहिली नव्हती. चारही दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचली. वर कधीच न बसता, खाली न घसरता, दीर्घकाळ टिकली. अशा गाण्याबद्दल मराठीत ‘त्या वर्षी अव्वल राहिलं’ असं लिहिलं तर ते निम्मं खोटं ठरतं.

वळचण
आठवड्यांच्या आकड्याबद्दलही लिहा ना. ‘१९ आठवडे’ म्हणजे लागोपाठ की मिळून?

बोरूबहाद्दर
बरोबर हेरलंत. ‘सलग’ आणि ‘एकूण’ यांतला एक शब्द आकड्याच्या आधी यायलाच हवा. मध्ये दुसऱ्या गाण्याने जागा घेतली आणि हे परत वर आलं, असं या क्रमवारीत पुष्कळदा होतं. डिसेंबरात तर हमखास, कारण या बाजाची कितीतरी केंद्रं नाताळच्या सुमारास फक्त नाताळचीच गाणी लावतात. खात्री नसेल तर ‘एकूण’ लिहावं, ते दोन्ही वेळा खरं ठरतं.

तसंच ‘क्रमवारीत ३० आठवडे’ आणि ‘पहिल्या क्रमांकावर ३० आठवडे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘३० आठवडे गाजलं’ असं मोघम लिहू नये.

तारीख लिहिताना ‘अमुक तारखेच्या अंकात’ असं म्हणावं. १९९६ साली अंकावर शनिवारची तारीख असे (१९६१ मध्ये सोमवारची), आणि मोजणी त्याआधीच झालेली असे. ‘१७ जुलै रोजी गाणं पहिलं आलं’ हे म्हणून ढोबळ आहे.

मात्रावेलांटी
‘पटकावला’बद्दल राहिलं. पटकावणं, मान मिळवणं, बाजी मारणं हे सगळं स्पर्धेतलं. ज्याने भाग घेतला तो पटकावतो. गाण्याने भाग घेतलेला नसतो. शिवाय पटकावणं एका क्षणात होतं, १९ आठवडे पटकावत बसता येत नाही. मुदत सांगायची असेल तर ‘राहिलं’, ‘टिकलं’. क्षण सांगायचा असेल तर ‘पोचलं’, ‘आलं’. ‘शीर्षस्थानी विराजमान’ हेही टाळा, ते गणपतीला शोभतं.

लेखनाबद्दल एक. ‘ॲडल्ट’ लिहिताना ‘ॲ’ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर वापरा, २००८ पासून ते उपलब्ध आहे. काही कळफलकांवर ‘अ’ला वरची चंद्राची खूण जोडून ‘अॅ’ उमटतं. डोळ्याला सारखंच दिसतं, पण संगणकाला ते दोन वेगळे वर्ण. जुन्या मजकुरात ‘ऍडल्ट’ही सापडेल. एका नोंदीत तिन्ही आले की शोधताना निम्मे उल्लेख हाती लागत नाहीत. आणि हिंदीच्या धर्तीवर ‘एडल्ट’ नको, मराठी तोंडात तो उच्चार नाही.

तबकडी
सर्वांचे आभार. नवा मसुदा :

‘“बिलबोर्ड”च्या ॲडल्ट कन्टेम्पररी क्रमवारीत १९९६ साली सेलीन डिऑनचं “बिकॉज यू लव्हड मी” एकूण १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पंचविशी ते पन्नाशीच्या श्रोत्यांसाठी चालणाऱ्या अमेरिकी रेडिओकेंद्रांवर एखाद्या गाण्याचं आठवडाभरात किती वेळा प्रसारण झालं, त्यावर ही क्रमवारी ठरत असे.’

शब्दवेल्हाळ
चोख झालंय. एकच सुचवते. ‘गाण्याचं प्रसारण झालं’ ही कचेरीची भाषा आहे. भाषणाचं प्रसारण होतं, सामन्याचं होतं. रेडिओवर गाणं लागतं. ‘गाणं आठवडाभरात केंद्रांवरून किती वेळा लागलं’ असं करा.