प्रीमेडसाठी (मेडिकलच्या आधीच्या पदवीसाठी) रटगर्स ऑनर्स की बॉस्टनचं महागडं प्रायव्हेट? १ मेच्या आत ठरवायचंय

एडिसनकर_आई
नमस्कार मंडळी, लेक बारावीत आहे, डॉक्टर व्हायचं हे तिचं आठवीपासून पक्कं. इथल्या न्यू जर्सीच्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या, रटगर्स न्यू ब्रन्सविकच्या ऑनर्स कॉलेजला मिळालंय, इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) आणि थोडी स्कॉलरशिप, म्हणजे राहण्याखाण्यासकट वर्षाला ३० हजार डॉलरच्या आत बसेल. दुसरं बॉस्टनचं नावाजलेलं प्रायव्हेट, तिथे आर्थिक मदत शून्य, ९० हजारांच्या पुढे. भरू शकतो पण मग साठवलेलं सगळं संपतं आणि मेडिकलसाठी काहीच उरत नाही. हे म्हणतात एकदा मोठं नाव लागलं की पुढचं सोपं जातं. आपल्याला नीट आणि एमबीबीएस माहीत, इथे आधी चार वर्षं पदवी मग चार वर्षं मेडिकल, त्यातलं आम्हाला काही कळत नाही. बायोलॉजीच मेजर घ्यावं लागतं का?

रेसिडेंट_मेघा
ताई, मेजर कुठलंही चालतं. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्लिश, एवढं झालं की बाकी तिने इतिहास शिकला तरी कोणी अडवत नाही.
मी स्टेट स्कूलमधून आलेय आणि माझ्या वर्गात आयव्हीवाले (हार्वर्ड-येलसारख्या नामांकित युनिव्हर्सिटीचे) पण होते, पहिल्या महिन्यानंतर कोण कुठून आलंय हे कोणी विचारत नव्हतं. नावाचा थोडा फायदा होतो, नाही असं नाही, पण अर्ज उघडल्यावर आधी दिसतो जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा). अ‍ॅडमिशन मिळालेल्यांची सरासरी जीपीए ३.७५ च्या वर आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२ च्या आसपास असते. आणि अ‍ॅमकॅसवाले (मेडिकलचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) सायन्स-मॅथ्सचा जीपीए वेगळा काढतात हे लक्षात ठेवा, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स केले असतील तर तेही त्यात धरतात.
आता पैशाचं, कारण माझा सगळा जीव तिथेच अडकतो. ग्रॅड प्लस हे फेडरल (केंद्र सरकारचं) लोन घेऊन मेडिकलचा पूर्ण खर्च भागवायचे ना लोक, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाखांपर्यंतच. प्रायव्हेट मेडिकल स्कूलची चार वर्षं राहण्याखाण्यासकट साडेतीन-चार लाखांवर जातात, वरचे कुठून आणणार? बँकेकडून, बँकेच्या व्याजाने, आणि रेसिडेन्सीच्या (मेडिकलनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या) पगारात ते फेडणं किती जड जातं हे मी रोज आजूबाजूला बघते. तुमच्याकडे आज जे पैसे आहेत ते मेडिकलसाठी राखून ठेवा, अगदी कळकळीने सांगतेय.

चार्ल्सकाठ
मेघा यांच्याशी बराचसा सहमत, पण मोठ्या स्टेट स्कूलला ए ग्रेड आपोआप मिळते असं कोणी समजू नये. ऑर्गॅनिकच्या लेक्चरला खच्चून भरलेला हॉल, निम्मे प्रीमेड, प्रोफेसरला तुमचं तोंडसुद्धा माहीत नसतं आणि नंतर शिफारसपत्र त्यांच्याचकडून हवं असतं. त्यामुळे ऑफिस अवर्सना (प्रोफेसरना भेटायच्या ठरलेल्या वेळी) पहिल्या आठवड्यापासून जाऊन बसायचं. प्रायव्हेटमध्ये हे सोपं पडतं हे खरं.
दोन्हीकडच्या प्री-हेल्थ ऑफिसला (प्रीमेडवाल्यांना सल्ला देणाऱ्या) फोन करून विचारा की कमिटी लेटर (कॉलेजतर्फे एकत्रित शिफारसपत्र) देता का, आणि कमी जीपीएवाल्यांना नाकारता का. काही कॉलेजं "आमचे ९० टक्के मेडिकलला लागतात" सांगतात, पण ज्यांना लेटरच दिलं नाही ते त्यात मोजलेले नसतात.
आणखी एक, रॉबर्ट वूड जॉन्सन हॉस्पिटल न्यू ब्रन्सविकमध्येच आहे, कॉलेज अव्हेन्यू कॅम्पसवरून चालत जाता येतं. व्हॉलंटियरिंग, शॅडोइंगसाठी (डॉक्टरांसोबत राहून काम बघण्यासाठी) गाडी लागत नाही ही फार मोठी सोय आहे.

पार्सिपनी_बाबा
एक विचारू का, मुलीचं स्टेटस काय आहे? आमचा मुलगा एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे आणि आम्हाला हे फार उशिरा कळलं की बऱ्याच मेडिकल स्कूल्स, विशेषतः स्टेटच्या, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड नसेल तर अर्जच घेत नाहीत, फेडरल कर्ज पण नाही. वर २१ वर्षं झाली की एच-फोर संपतो, म्हणजे ऐन अर्जाच्या वेळी. आपल्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न आहे पण कॉलेज निवडताना कोणी बोलत नाही. धाकटीच्या वेळी सगळ्या मेडिकल स्कूल्सचे नियम आधी वाचणार आहोत.

एडिसनकर_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ती इथेच जन्मलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही, पण तुमच्या मुलासाठी खरंच वाईट वाटलं. कर्जाचं ह्यांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले रटगर्सच्या ऑफिसला सोमवारी आपण तिघं मिळून फोन करू. मेघा, तिने हायस्कूलमध्ये कम्युनिटी कॉलेजचं कॅल्क्युलस केलंय, बी मिळाली होती. तीही अ‍ॅमकॅसमध्ये जाणार का?

रेसिडेंट_मेघा
हो, जाणार. पण एका बीने काही बिघडत नाही, पुढे भरपूर क्रेडिट्स आहेत. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री, बायो, फिजिक्स सगळं एकदम घेऊ देऊ नका, दोनच सायन्स पुरे.