संस्थेला फुकट मिळणाऱ्या गोष्टीची 'लायसन्स फी' लावणं बरोबर आहे का?

कोडकामगार:
छोट्या सामाजिक संस्थांना वेबसाईट, ईमेल लावून देणाऱ्यांबद्दल बोलायचंय. सामाजिक संस्था असल्याची पडताळणी झाली की गूगल वर्कस्पेस (संस्थेच्या नावाचे ईमेल वगैरे) संस्थांना फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल (वेबसाईट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) फुकट, वेबसाईट बनवायचं वर्डप्रेस मुळातच फुकट, तरी कोटेशनमध्ये तिन्हींची 'वार्षिक लायसन्स फी' असते आणि वर "सामाजिक कार्य म्हणून ५०% सूट"!! मेहनतीचे पैसे घ्या ना, कोण नाही म्हणतंय. पण जे तुम्ही विकत घेतलंच नाही त्याची फी कसली? ही सरळ फसवणूक आहे.

रात्रपाळी:
फसवणूक जरा जास्तच होतंय. पडताळणीची कागदपत्रं गोळा करा, डीएनएस (वेबसाईटचं नाव आणि मेल कुठल्या सर्व्हरला जोडायचे ती नोंद) सेट करा, जुने मेल हलवा, कुणी पासवर्ड विसरलं की रात्री फोन उचला, आणि हे सगळं तास म्हणून लिहिलं की समिती म्हणते एवढे तास कशाला, अमक्याचा भाचा करून देईल. लायसन्स लिहिलं की मुकाट मंजूर. पोट आम्हालाही आहे.

हिशोबवाली:
मी ते मंजूर करणाऱ्या बाजूला बसते. तुमचं बिल आम्ही देणगीदाराच्या अहवालात तसंच्या तसं चढवतो, उद्या ऑडिटरने लायसन्स दाखवा म्हटलं तर खोटं कोण पडणार, तुम्ही की आम्ही? आणि डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव! ते स्वतःच्या नावावर ठेवणारे तर वेगळेच, वाद झाला की वेबसाईट, मेल सगळं त्यांच्या मुठीत.

रात्रपाळी:
संस्था रिन्यू करायला विसरतात म्हणून आमच्याकडे ठेवतो हो.

कोडकामगार:
मग रिन्यू तुम्ही करा, मालक म्हणून नाव संस्थेचं लावा. कोणी अडवलंय?

तिरकस:
"महिन्याला १०,००० डॉलर मिळवून देतो" वाले राहिलेच की. ते म्हणतात ती गूगल अ‍ॅड ग्रँट्स, संस्थांना फुकट जाहिराती देणारी गूगलची योजना; त्यात रोख काही हातात येत नाही, मिळतात त्या सर्चवरच्या जाहिराती, त्यातही ५% क्लिक-दर (जाहिरात जितक्या वेळा दिसते त्यातल्या किती वेळा क्लिक होतं) दर महिन्याला सांभाळावा लागतो, नाहीतर खातं बंद होऊ शकतं. हे कोण सांगतं? बाकी ज्यांची सभासद यादी एका एक्सेल शीटमध्ये मावते त्यांना अ‍ॅप विकणाऱ्यांना माझा दंडवत.

रात्रपाळी:
बरं, लायसन्स शून्य लिहितो, सपोर्टचे तास वेगळे लावतो. समितीने त्यावर काट मारली की फुकट राबायला तुम्ही तिघं येणार का?

हिशोबवाली:
काट मारली तर काम करू नका. पण आकडा खरा लिहा.