सबवूफरचा रबर कोनपासून सुटलाय आणि कोनही फाटलाय, कशानं चिकटवू?

डिक्कीतला_बेस
१२ इंची सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आहे, सिंगल कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी), ४ ओम, सीलबंद पेटीत. कोन कागदी, सराउंड (कोनभोवतीची लवचीक कड) रबरी. सराउंड कोनपासून वीतभर सुटलाय आणि त्याच बाजूला कोनला दोन इंचांची चीर गेलीय. आवाज थोडा वाढवला तरी फडफड होते. मीटरवर ३.४ ओम दाखवतो. घरी फेव्हिक्विक, अरल्डाइट आणि साधा फेव्हिकॉल आहे. यातलं काय चालेल?

कागदीकोन
३.४ ओम म्हणजे कॉइल जळलेली नाही. पण काही चिकटवण्याआधी स्पीकर पेटीतून काढून टेबलावर ठेवा. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून कोन सरळ खाली दाबा. आत खरखर लागली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय. मात्र सराउंड एका बाजूनं सुटला की कोन तिरका चालतो आणि नुसत्या त्यामुळेही घासतं. म्हणून सुटलेली कड जागेवर धरायला कुणाला तरी सांगा आणि पुन्हा दाबून बघा. खरखर थांबली तर काम सोपं आहे.

फेव्हिक्विक रबरावर अजिबात नको. ते वाळलं की काचेसारखं कडक होतं. जोडाशेजारी रबर सतत दुमडत असतो, त्यामुळे कडक रेषेवरच तो पुढे चिरतो. अरल्डाइट आणि एम-सील कोनवर नको, एका बाजूला वजन वाढलं की कोन डोलायला लागतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही टाळा, त्यातून निघणारं आम्ल तांब्याच्या तारा खातं.

आधी चीर भरा, मग रबर. उलटं केलंत तर चिरलेला कोन वेडावाकडा असतानाच रबर बसतो. चिरेसाठी घरचा फेव्हिकॉलच उत्तम. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. पतंगाच्या कागदाचे दोन तुकडे कापा, चिरेच्या सगळ्या बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त, कोपरे गोल. कोपरे टोकदार राहिले तर तिथूनच उचकटतात. चिरेच्या कडा नीट जुळवा, मागच्या बाजूनं पहिला तुकडा लावा, चार तास सुकू द्या, मग पुढून दुसरा. ब्रश ओला हवा, निथळता नको, नाहीतर कोन फुगतो.

रबरासाठी फेव्हिकॉल एसआरसारखं सिंथेटिक रबर अॅडहेसिव्ह आणा. जुना सुटलेला गम नखानं किंवा बोथट पात्यानं काढा, रबराची चिकटवायची कड २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकी खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग रबर आणि कोन, दोन्हींवर पातळ थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटू नये, इतपत सुकलं पाहिजे. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: ओलं असतानाच दाबतात, आतला थिनर कोंडतो आणि आठवड्यात जोड सुटतो.

सुकलेले दोन थर एकमेकांना टेकले की पुन्हा हलवता येत नाहीत. म्हणून मध्ये बटर पेपरची पट्टी सरकवून ठेवा. जिथे रबर अजून घट्ट आहे त्या टोकापासून सुरू करा, दोन-दोन सेंटिमीटर पट्टी ओढत जा आणि मागून कोनला बोटाचा आधार देत पुढून चमच्याच्या पाठीनं दाबा. २४ तास वाजवू नका, पावसाळ्यात ४८. खिडक्या उघड्या ठेवा, थिनरचा वास डोक्यात जातो.

कॉइल_आणि_स्पायडर
पद्धत बरोबर आहे. पण ती कागदी कोनपुरतीच, हे वाचणाऱ्या इतरांनी ध्यानात ठेवावं. प्लॅस्टिकचा पॉलिप्रॉपिलीन कोन असेल तर त्याला फेव्हिकॉल धरतच नाही आणि अरल्डाइटचा पापुद्रा आख्खा निघतो.

दुसरं, स्पायडर बघितलात का? कोनच्या खालची ती पिवळट, वळ्यावळ्यांची चकती. सराउंड सुटलेला असताना वाजत राहिला तर सगळा ताण तिच्यावर येतो. टॉर्च घेऊन बाहेरची कड पूर्ण फिरून तपासा.

डिक्कीतला_बेस
बघितलं. रबर धरून दाबलं तर खरखर नाही. पण स्पायडरची बाहेरची कड बास्केटपासून (स्पीकरच्या सांगाड्यापासून) एका ठिकाणी पाऊण इंच उचललीय. डस्ट कॅप (कोनच्या मधलं झाकण) कापून कॉइल मध्यावर आणावी लागेल का?

कॉइल_आणि_स्पायडर
नाही, कॅपला हात लावू नका. बाकीची कड कॉइलला मध्यावर धरून आहे. इथे मात्र अरल्डाइटच हवं, कारण हा जोड हलत नाही. दोन्ही नळ्यांतलं समान मिसळा, टूथपिकनं कडेखाली सारा, कपड्यांच्या दोन चिमट्यांनी दाबून २४ तास ठेवा. वळ्यांवर एक थेंबही जाऊ देऊ नका, तेवढा भाग ताठ होऊन कोन एका बाजूला ओढला जाईल. स्पायडर आतून, कॉइलच्या नळीपाशी सुटला असता तर साधं अरल्डाइट चाललं नसतं. कॉइल तापते आणि ते मऊ पडतं, तिथे जास्त उष्णता सोसणारं इपॉक्सी लागतं.

कड सगळीकडून सुटली असती तरच कॅप कापायची. मग जुन्या एक्स-रे फिल्मच्या सहा-आठ मिलिमीटर रुंद चार पट्ट्या कॉइलची नळी आणि चुंबकाचा मधला खांब यांच्यामध्ये समान अंतरावर घालतात आणि गम वाळला की काढतात.

कागदीकोन
सगळं वाळलं की फोनवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू पाच मिनिटं वाजवा आणि कान जवळ नेऊन ऐका. पेटीत बसवताना स्क्रू समोरासमोरचे आवळा आणि खालची फोमची पट्टी नवी घाला. बसवल्यावर कोन हलकेच दाबून सोडा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश वर येतो, टपकन आला तर कुठूनतरी हवा निसटतेय. आतल्या हवेचा आधार नसला की कोन हद्दीबाहेर धावतो, तुमचा रबर त्यामुळेही सुटला असू शकतो. अॅम्प्लिफायरवर लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ आणि बेस बूस्ट शून्यावर ठेवा. गेन (येणाऱ्या सिग्नलची पातळी) खालून हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागतो त्याच्या बराच अलीकडे थांबवा.