सगळ्या डिवचे सेक्शन केले, एवढ्याने पान सिमँटिक होतं का?

नवशिका_फ्रंटएंड:
बातमीचं पान बांधतोय. मधे बातमी, बाजूला 'संबंधित बातम्या', खाली वाचकांच्या प्रतिक्रिया. लीड (टीमचे प्रमुख) म्हणाले, 'सिमँटिक कर', म्हणजे टॅगवरूनच मजकुराचा अर्थ कळू दे. म्हणून एचटीएमएलमधले डिव (अर्थ नसलेले नुसते डबे) होते तिथे सेक्शन टाकले. व्हॅलिडेटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) गप्प आहे, लीड मात्र गप्प नाहीत. अजून काय हवं?

जुना_टॅगवाला:
पाटी बदललीस, घर तेच राहिलं. सेक्शनला अरिया-लेबल (कोडमध्ये दिलेलं नाव) किंवा तसं काही नाव नसेल, तर स्क्रीन रीडरच्या (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी तो आणि डिव सारखेच.

मी एवढंच बघतो: हा तुकडा उचलून दुसरीकडे एकटाच ठेवला तर वाचणाऱ्याला कळेल का? कळत असेल तर आर्टिकल. म्हणजे तुझी बातमी आर्टिकल, आणि तिच्या पोटातली प्रत्येक प्रतिक्रियाही आर्टिकलच. एचटीएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्येच (अधिकृत नियमांत) तशी सोय आहे. 'संबंधित बातम्या' असाइडमध्ये, पण आर्टिकलच्या बाहेर. आत घातलास आणि नाव दिलं नाहीस, तर त्याचं लँडमार्कपण, म्हणजे स्क्रीन रीडरवरून थेट उडी मारायची खूण असणं, जातं. मेन (पानाचा मुख्य मजकूर) एकच. आणि नुसत्या मांडणीच्या ग्रिडसाठी डबा हवा असेल तिथे खुशाल डिव वापर, त्यात कमीपणा कसला?

हेडिंगचं मात्र नीट बघ. सेक्शनच्या आत एच-वन (सगळ्यात वरच्या पातळीचा हेडिंग टॅग) टाकला की तो आपोआप खालच्या पातळीचा धरला जातो, असं जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून सापडतं. ब्राउझरांनी ते कधी केलंच नाही, आणि 2022 मध्ये स्पेसिफिकेशनमधूनही ते काढलं. पातळ्या हातानेच लावायच्या.

नवशिका_फ्रंटएंड:
फूटरमधल्या 'अटी', 'गोपनीयता' वगैरे लिंकना नेव्ह लावू? आणि बातमीत एका सभागृहाचा पत्ता आहे, तो अ‍ॅड्रेसमध्ये?

जुना_टॅगवाला:
लिंकना फूटर पुरे. नेव्ह मुख्य मेनूसाठी राख. सभागृहाचा पत्ता साध्या पी (परिच्छेदाच्या) टॅगमध्ये. अ‍ॅड्रेस हा त्या लेखाच्या किंवा पानाच्या कर्त्याशी संपर्क कसा करायचा, ते सांगायला असतो.

कीबोर्डप्रेमी:
वाद चालू द्या, पण प्रतिक्रियांखालचं 'आवडलं' कशात आहे? डिवला ऑनक्लिक लावला असेल तर टॅबने तिथे पोचताच येत नाही. बटन टॅग घेतलास की फोकस, एंटर, स्पेसबार सगळं आयतं मिळतं.

जुना_टॅगवाला:
हे आधी कर, बाकीचं नंतर. मग एनव्हीडीए (एक स्क्रीन रीडर) लावून पानावर एच दाबत जा, हेडिंगं क्रमाने ऐकू येतील. डी दाबलंस की लँडमार्क. तरी लीड कुरकुरले तर त्यांचाच कीबोर्ड घे आणि ऐकव.